काचेमागची धाकटी

१

विभागात सगळ्यांत आधी थोरली आली. सकाळी समितीपुढे दोन सादरीकरणं व्हायची होती आणि पडद्याची जोडणी करून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. खेळखोलीतला दिवा लावताना तिच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या मोठ्या आरशातून आज पलीकडचं दिसतंय. तसं दिसायला नको होतं. तो आरसा म्हणजे निरीक्षणाची काच. मागच्या अरुंद खोलीत अंधार ठेवून बसलं की तिथून खेळखोलीतली आई आणि मूल दिसायचं, आणि मुलाला मात्र आपलंच तोंड दिसायचं. आज मागच्या खोलीत उजेड होता. त्या उजेडात धाकटी खुर्चीत मान टाकून बसलेली होती.

"झोपली असेल असं वाटलं," थोरली नंतर म्हणाली. "मी काचेवर टकटक केलं. मुलं करतात तशी."

मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असं या विभागाचं नाव. पण आत पाऊल टाकलं की तो विभाग वाटायचाच नाही, घर वाटायचं. विभागप्रमुख बाईंना सगळे माई म्हणायचे. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी तिघं. त्यांना ही नावं माईंनीच दिली होती, थोरली, मधला आणि धाकटी. कार्यालयातल्या लोकांनाही आता त्यांची खरी नावं पटकन आठवत नसत.

फौजदारबाई आल्या तेव्हा त्यांना जिने चढून धाप लागली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला. ठाण्यात त्यांच्याबद्दल म्हणत, बाई बोलतात कमी आणि ऐकतात इतकं, की समोरचा शांततेला घाबरूनच कबुली देतो.

त्यांनी खोली पाहिली. धाकटीसमोरच्या टेबलावर विभागाचा पांढरा कप होता. तळाशी घोटभर चहा आणि त्याखाली न विरघळलेल्या साखरेचा थर. शेजारी तिचा स्वतःचा थर्मास. टोपण उघडून पाहिलं तर तो जवळजवळ भरलेला होता. तिच्या पिशवीत एक रिकामी छोटी बाटली, लेबल खरवडलेलं.

"गुंगीचं औषध," बाटली हुंगून फौजदारबाईंबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले. "पातळ आहे. लहान मुलांना देतात ते. एखादं पोर सुईला घाबरत असेल, तर आधी हे पाजतात."

"मोठं माणूस मरतं यानं?"

"एवढं घेतलं तर धडधाकट माणूससुद्धा कोलमडेल. आणि हिला दमा होता." डॉक्टरांनी पिशवी उलटी केली. पेन, रुमाल, किल्ल्या, कंगवा. "दम्याचा माणूस जेवणाचा डबा विसरेल, पण श्वासाचा पंप विसरत नाही. बाई, हिचा पंप कुठे आहे?"

खोलीत पंप नव्हता. खुर्चीखाली नव्हता, खिशात नव्हता, जिन्यात नव्हता.

२

माईंची खोली उबदार होती. खिडकीत झाडं, भिंतीवर आजवर बक्षिसं मिळवलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो, कोपऱ्यात विजेची किटली. साठीच्या माई, केस पांढरेशुभ्र, आवाज मऊ. रडून डोळे सुजले होते, तरी आलेल्या माणसाला रिकामं बसवायचं नाही ही सवय सुटली नव्हती. त्यांनी कप भरला, त्यात साखरेचे चमचे सोडले, ढवळला आणि फौजदारबाईंपुढे ठेवला.

"साखर किती, असं विचारायची पद्धत नाही हो माझ्याकडे," त्या ओलं हसल्या. "आई कधी विचारते का? देते, आणि लेकरं पितात."

चहा पाकासारखा होता. फौजदारबाई घरी अर्धा चमचा घालून पीत. पण समोर ही म्हातारी, पोटच्या पोरीसारखी पोर गेलेली. त्यांनी एकेक घोट घेत कप संपवला.

"तिनं असं का केलं असेल, माई?"

"भीती. दुसरं काय?" माईंनी डोळ्यांना पदर लावला. "आमची ही शोधवृत्ती, संशोधनाची शिष्यवृत्ती हो, म्हणजे साधी गोष्ट नाही. तीन वर्षं मोठ्या प्रयोगशाळेत काम, डोक्याला दुसरा ताप नाही. एका वर्षी एकालाच मिळते. यंदा मधला आणि धाकटी असे दोघेच उरले होते. तिच्या कामाचं काही जमत नव्हतं. सगळं उलटंपालटं येत होतं, असं कानावर आलं. मी महिनाभर परिषदांच्या दौऱ्यावर होते. परवा परतले. काल इथे तासभर येऊन गेले, पण प्रवासानं इतकी दमले होते की तिला भेटलेच नाही. भेटले असते तर..." पुढचे शब्द हुंदक्यात गेले.

मग माई हळूच म्हणाल्या, "घरातलं उणं बाहेर काढू नये म्हणतात. पण तुमच्यापासून लपवू कशी? काल दुपारी थोरलीनं आणि तिनं एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवल्या होत्या. आणि थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, तू उद्या त्या समितीपुढे उभी राहूनच दाखव."

३

खेळखोलीतल्या चौकशीत थोरलीनं ते नाकारलं नाही.

"म्हणाले मी." ती ताठ बसली होती. "मॅडम, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षीचा संशोधन पुरस्कार मला मिळाला. काम असं होतं की पाळणाघरात जाणारं लहान मूल आईबरोबर या खेळखोलीत यायचं. आई उठून बाहेर जायची आणि अनोळखी माणूस आत यायचा. मूल काय करतं ते आम्ही काचेमागून पाहायचो. वर्षभर, दर महिन्याला तीच मुलं."

"मग काय केलं मुलांनी?"

"काही नाही. तेच तर विशेष होतं. रडली नाहीत. शांत बसायची. पाळणाघरानं मूल खंबीर होतं, हे माई वीस वर्षं सांगत आल्यात, पण पुरावा नव्हता. तो मी दिला. किती पाळणाघरांनी आमचा निष्कर्ष चौकटीत लावलाय, माहीत आहे?" क्षणभर तिच्या आवाजात अभिमान आला आणि लगेच विझला. "धाकटीनं त्याच मुलांना पुन्हा बोलवायचं ठरवलं. एका वर्षानं मूल किती बदलतं, एवढंच बघायचं होतं तिला. गेल्या महिन्यात एकेकाला बोलावलं, तर सगळी रडली. आई उठली की आकांत. काल ती मला म्हणाली, ताई, तुझी मुलं शांत नव्हती गं. पेंगत होती. मी तिच्यावर तुटून पडले."

"आणि खरं काय होतं?"

थोरलीनं काचेकडे पाहिलं. "तेव्हा वाटलं, शांत आहेत. मला तसंच दिसायला हवं होतं, मॅडम."

"त्या कामात कोण काय करायचं?"

"मी काचेमागे, कॅमेऱ्यावर. अनोळखी माणूस म्हणजे मधला. आणि माई बाहेर, आई-मुलांचं स्वागत करायला. त्यांना पोरांचा फार लळा."

मधला आला तो खुर्चीच्या कडेवर बसला. उंच, सडपातळ, बोलता बोलता मध्येच हसायची सवय. आज ते हसू जागेवर नव्हतं, तरी येत होतं.

"आता शोधवृत्ती मलाच मिळणार, म्हणून संशय माझ्यावर, हो ना? शर्यतीत एकटाच उरलो, म्हणजे पहिलाही मीच आणि शेवटचाही मीच."

"काल तिला कधी पाहिलंत?"

"दुपारी चहाला. आम्ही तिघं रोज एकत्र प्यायचो. चहा थोरली करायची, दोन गोड आणि एक फिका. भांडणानंतर काल कुणी प्यायलंच नाही. धाकटी आपला थर्मास घेऊन काचेमागे गेली ती गेलीच." त्यानं हातांनी तोंड झाकलं. "महिनाभर ती मला सांगत होती, मुलं रडतायत रे. मी म्हणायचो, तुझं तोंड बघून रडत असतील. रोज तोच विनोद. रोज, मॅडम."

"काचेमागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"थोरलीकडे एक, धाकटीकडे एक," तो म्हणाला. मग नाइलाजानं, "आणि एक माझ्याकडे."

माईंचं नाव त्यानं घेतलं नाही. स्वतःच्याच घराची किल्ली आईकडे असते, हे कुणी मुद्दाम सांगत नाही, म्हणून त्याला सुचलं नसेल, की त्याला कुणाला वाचवायचं होतं? फौजदारबाईंनी विचारलं नाही. त्या उठल्या आणि धाकटीच्या घरी निघाल्या.

४

धाकटीच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्या. आई लहानपणीच गेलेली. म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं नव्हतं. समोर एक फ्रेम होती आणि ते तिचा बारीक स्क्रू बसवायचा प्रयत्न करत होते. बसत नव्हता.

"गिऱ्हाईक दुपारी येणार आहे," ते म्हणाले. "त्याला दुसरा चष्मा नाही."

फौजदारबाई स्टुलावर बसल्या. मग म्हातारा उठला. "चहा करतो, ताई. पण फिका लागेल. मला साखरेचा आजार निघाला तेव्हा पोरीनंही साखर सोडली. म्हटलं, अगं तुला काय झालंय? तर म्हणाली, बाबा, एका घरात दोन चहा कशाला? तेव्हापासून घरात साखरेचा डबाच नाही. आता तिला गोड चहाची शिसारी यायची. कुणी पाहुण्यानं दिला तर इथे येऊन चूळ भरायची."

फौजदारबाईंना तळाशी साखर साचलेला तो पांढरा कप आठवला.

"काल तिचा काही निरोप?"

"फोन आला होता, संध्याकाळी." म्हाताऱ्यानं गॅस लावला आणि त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिला. "आठवडाभर पोरगी धड जेवत नव्हती. काहीतरी सापडलं होतं तिला. काय ते मला सांगितलं नाही. म्हणायची, आधी माईंना सांगेन, मगच समितीला. घरातली गोष्ट आधी घरात. काल फोनवर आवाज मोकळा होता. म्हणाली, बाबा, सांगून टाकलं, आता हलकं वाटतंय. भूक लागलीय, भात लावून ठेवा. मी लावला. बसल्या बसल्या माझा डोळा लागला..."

भांड्यातलं पाणी उकळून वर आलं आणि ज्योतीवर सांडलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. फौजदारबाईंनीच उठून गॅस बंद केला.

मरायला निघालेलं माणूस भात लावून ठेवायला सांगत नाही. आणि काल धाकटी कुणाशी तरी बोलली होती. ज्यांना आधी सांगायचं तिनं ठरवलं होतं, त्या तर म्हणत होत्या की ती भेटलीच नाही.

तरी एक गाठ सुटत नव्हती. जिला गोड चहाची शिसारी, शेजारी स्वतःचा फिका चहा भरलेला, ती साखरेचा थर बसलेला चहा तळापर्यंत का पिते? कुणी बळजबरी केल्याची तर कुठे खूण नव्हती.

विभागात परतताना जिन्याच्या मधल्या वळणावर त्या थांबल्या. तोंडात सकाळपासून एक चिकट चव रेंगाळत होती. आणि त्यांना आठवलं, आज सकाळी एक कप आपणही प्यायलो. मुकाट्यानं. तळापर्यंत.

वरून एका लहान मुलीच्या हसण्याचा आवाज आला.

५

सादरीकरणं रद्द झाल्याचा निरोप सगळ्यांना गेला होता. धाकटीनं समितीला दाखवण्यासाठी आज पुन्हा बोलावलेल्या एका आईला मात्र कुणी कळवलं नव्हतं. ती आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन येऊन बसली होती. काय झालंय हे तिला सांगायचं धाडस कुणाला होईना. धाकटीला केव्हाच नेलं होतं, काचेमागची खोली बंद होती आणि मुलगी खेळखोलीत रमली होती. मधला गुडघ्यांवर रांगत होता आणि ती त्याच्या पाठीवर बसली होती. थोरलीनं हात पुढे केला तर तिच्याकडेही गेली.

"माणसांना भीत नाही हो ही," आई कौतुकानं म्हणाली.

फौजदारबाई दाराशी उभ्या राहिल्या. मुलगी खेळण्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून एकेक वस्तू काढत होती. लाकडी बदक. चेंडू. एक निळी नळी. ती तिनं तोंडाशी धरून दाबली. फुस्स आवाज झाला आणि ती खुदकन हसली.

थोरलीनं ती नळी ओळखली. "तो... तो धाकटीचा पंप आहे."

मधल्यानं अलगद तो मुलीच्या हातून घेतला.

आत्महत्येची गोष्ट तिथेच संपली. जीव द्यायला बसलेली बाई आपला पंप दुसऱ्या खोलीतल्या खेळण्यांच्या तळाशी नेऊन पुरत नाही. धाप लागली तरी तिच्या हाताला तो लागू नये, असं दुसऱ्याच कुणाला तरी वाटत होतं.

नेमक्या त्याच वेळी दार उघडून माई आत आल्या. हातात एक छोटा पिवळा कप, त्यात संत्र्याचा रस. चेहरा ओढलेला, तरी पोरीकडे बघून हसत. "आलं का माझं पाखरू? ये, रस घे."

मुलीचं हसू पुसलं गेलं. ती मागे सरली आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून आईच्या मांडीत शिरली.

"अगं, असं काय करतेस? रस आहे. आवडतो ना तुला?" आई ओशाळली. "घरी मागून मागून पिते हो."

मुलीनं बोटांच्या फटीतून त्या कपाकडे पाहिलं. अजून एक थेंबही तिच्या ओठांना लागला नव्हता.

"कडू," ती म्हणाली.

मग फौजदारबाईंनी, बाजाराची चौकशी करावी तशा साध्या आवाजात विचारलं, "गेल्या वर्षी इथून घरी गेल्यावर ही काय करायची हो?"

"काय करणार? झोपायची," आई म्हणाली. "दिवसभर. जेवायलासुद्धा उठायची नाही. आम्ही म्हणायचो, खेळून दमली."

६

आई आणि मुलीला घरी पाठवून फौजदारबाईंनी हवालदाराला खालच्या मजल्यावर, विद्यापीठाच्याच बालचिकित्सालयात धाडलं. तो आला आणि त्यांच्या कानाशी थोडं बोलला. मग त्या माईंकडे वळल्या. थोरली आणि मधला भिंतीला टेकून उभे होते.

"माई, सकाळपासून मी एकच विचार करतेय. तो चहा तिनं का प्यायला?"

माई हातातला पिवळा कप सावरत होत्या आणि फौजदारबाई बोलतच राहिल्या.

"त्यात औषध कुणीही घालू शकलं असतं. पण तिच्याकडून तो संपवून घेणं सोपं नव्हतं. थोरलीनं आणला असता, तर कालच्या भांडणानंतर तिनं कपाला हातही लावला नसता. मधल्यानं आणला असता तर पहिल्याच घोटाला म्हणाली असती, अरे गाढवा, साखर का घातलीस? आणि मुळात या दोघांनी साखर घातलीच नसती. ती फिका पिते, हे दोघांनाही ठाऊक होतं. रोज तिचा कप वेगळा व्हायचा. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला. कारण ते माणूस कधी विचारतच नाही. आणि त्या माणसानं दिलेलं या घरात कुणी नाकारत नाही. तिनंही नाकारलं नाही. मीसुद्धा नाही. सकाळी तुमचा चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता, माई, पण मी प्यायले."

फौजदारबाईंनी हवालदाराकडे बोट दाखवलं.

"औषध खालच्या चिकित्सालयातलं आहे. तिथल्या परिचारिकेनं सांगितलं, वर्षभर माई स्वतः येऊन न्यायच्या. प्रयोगाला लागतं म्हणायच्या. कशाला, असं तिनं एकदाही विचारलं नाही. माईंना कोण विचारणार? थोरली काचेमागे असायची, मधला खेळखोलीत, आणि बाहेर पोरांच्या ओठांशी कप धरायला तुम्ही. गेल्या महिन्यात तुम्ही दौऱ्यावर होतात, म्हणून रस नव्हता. म्हणून मुलं रडली. मुलं रडतात तशी रडली. ते धाकटीच्या लक्षात आलं आणि तिनं सगळ्यांत आधी विश्वासानं तुम्हालाच सांगितलं. सांगून टाकलं, हलकं वाटतंय, असं बापाला म्हणालीही. तुम्ही म्हणता, भेटलेच नाही."

"माई," थोरलीचा आवाज चिरका निघाला. "नाही म्हणा ना. माई, नाही म्हणा."

माईंनी पिवळा कप टेबलावर ठेवला. रस जराही सांडला नाही.

"खोटं नव्हतं ते," माई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "पाळणाघरातली मुलं खंबीरच असतात. मी आयुष्यभर पाहिलंय. पण आमची ही खेळखोली नवी, दिवे नवे, आरसा एवढा मोठा... मुलं उगाच बिथरायची. मी त्यांना थोडं स्थिर केलं, इतकंच. खरं दिसावं म्हणून. तिला किती समजावलं, की किती आया कामावर जातात. त्यांना निर्धास्त वाटलं माझ्यामुळे. ते सगळं मोडशील? तर म्हणाली, माई, तुम्ही स्वतःच समितीला सांगा, मी तुमच्या शेजारी उभी राहते." त्या पहिल्यांदाच अडखळल्या. "शेजारी उभी राहते म्हणे. हे मला सांगते!"

"आणि चहा?"

"मला फक्त तिला झोपवायचं होतं. सकाळची वेळ टळली असती. मग मी तिची समजूत काढली असती. माझी पोर होती ती."

"झोपवायचंच होतं," फौजदारबाई म्हणाल्या, "तर तिचा पंप खेळण्यांखाली का पुरलात?"

या प्रश्नाला उत्तर आलं नाही. तेव्हा नाही आणि नंतर कोर्टातही नाही.

कुंपणच शेत खातं, हे पोलिसांना नवीन नसतं. पण माईंना खाली नेताना कार्यालयातली माणसं सवयीनं उठून उभी राहिली. एकानं तर त्यांच्यासाठी दारही धरलं. ते बघून फौजदारबाईंनी मान फिरवली.

७

त्या वर्षी शोधवृत्ती कुणालाच मिळाली नाही. मधल्याला देऊ केली होती. त्यानं घेतली नाही आणि विभागही सोडला. पुढे तो कुठल्याशा शाळेत शिकवायला लागल्याचं कानावर आलं. धाकटीच्या नावानं काहीतरी सुरू करावं, असं समितीतल्या कुणी सुचवलं. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, नको. तिला इथल्या भिंतीवर टांगू नका.

थोरलीनं पुरस्कार परत केला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. त्या सगळ्या मुलांच्या आईबापांना सांगायला हवं होतं की तुमच्या लेकराला वर्षभर काय पाजलं जात होतं. विद्यापीठ म्हणालं, आम्ही पत्रं पाठवतो. थोरली म्हणाली, पत्रं नकोत, मी जाते. आणि मग तिनं फौजदारबाईंना फोन केला. पहिल्या दारापर्यंत तरी याल का?

फौजदारबाईंना खरं तर त्या दिवशी सुट्टी होती. त्या गेल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार एका तरुण आईनं उघडलं. मागे फरशीवर चार वर्षांचा एक मुलगा गाड्या एका रांगेत लावत बसला होता. थोरलीनं बसायला नकार दिला. उभ्यानंच, एकही शब्द न गाळता तिनं सगळं सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं. मध्ये दोनदा अडकली, पण पुढे गेली. मुलाला काही अपाय झालाय का हे तपासायला कुठल्या डॉक्टरकडे जायचं, तेही सांगितलं. माफी सगळ्यांत शेवटी मागितली.

ती आई आरडाओरडा करेल, निदान दार तोंडावर आपटेल, असं फौजदारबाईंना वाटलं होतं. ती तशीच उभी राहिली. तिची नजर यांच्यावर नव्हतीच.

"तो पीत नव्हता," ती म्हणाली. "मान फिरवायचा, हात झटकायचा. त्या बाई म्हणायच्या, राहू दे, नको असेल तर राहू दे." तिनं आपले दोन्ही तळवे वर धरले आणि परक्याचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिलं. "मीच धरून ठेवायचे त्याला. म्हणायचे, असं करू नये, माई एवढ्या प्रेमानं देतायत."

आत मुलानं शेवटची गाडी रांगेत लावली आणि बघ ना म्हणून आईला हाक मारली. ती आत गेली. दार तसंच उघडं राहिलं.

थोड्या वेळानं थोरलीनं ते हळूच ओढून घेतलं.

"पुढचं घर जवळच आहे," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

फौजदारबाईंनी कठड्याला धरलं आणि एकेक पायरी उतरत तिच्याबरोबर निघाल्या.